प्रवाहपतित

मालदीवहून परत आल्यावर ऑफिसात पहिल्याच दिवशी चौकशी झाली. "मग मॅडम, काय काय केलंत तिकडे?" मी म्हटलं, "काही नाही, वाहत गेले." विचारणाऱ्याला वाटलं, बाई उडवून लावतायत. पण खरंच तेवढंच केलं. सहा दिवसांत चौदा वेळा समुद्रात उडी मारली आणि चौदाही वेळा उडी एकीकडे, वर आले भलतीकडे. वर त्याचे पैसे मोजले.

याला ड्रिफ्ट डायव्हिंग म्हणतात. पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायचं, त्या स्कूबाचीच एक तऱ्हा. साध्या डाइव्हला बोट एका जागी बांधलेली असते. आपण खाली जातो, इकडेतिकडे फिरतो आणि परत त्याच दोराशी येतो. ड्रिफ्टमध्ये दोरही नाही आणि परत येणंही नाही. पाण्याला ओढ असते, ती आपल्याला नेते आणि बोट बुडबुड्यांवर डोळा ठेवून मागून येते. हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं होतं, "मग त्यात शिकायचं काय? ओंडकासुद्धा वाहत जातो." ही पोस्ट बरीचशी त्या काकांसाठी आहे.

काकांचाही दोष नाही म्हणा. आपल्या भाषेतच 'प्रवाहपतित' ही शिवी आहे. शाळेत निबंधात 'प्रवाहाविरुद्ध पोहणारा तोच खरा' असं एक वाक्य टाकलं की बाई खूश व्हायच्या. मीही टाकलंय, दरवर्षी. आता वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दोन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध दीड मिनिट पोहून बघितल्यावर त्या निबंधांचे मार्क परत करावेत असं वाटतंय.

माझी थोडी ओळख. मी भोसरीत एका कारखान्यात पंपांच्या चाचण्या घेते. सत्तावीस वर्षं झाली. पाणी किती आलं, किती जोरानं आलं, कुठे अडलं, याच्यावर माझं घर चालतं. डायव्हिंग मात्र उशिरा, सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले, तेही भाचीमुळे. ती हिंजवडीत नोकरी करते आणि तिला एकटीला पाठवायला ताई तयार नव्हती. 'मावशी बरोबर असेल तर जा' या अटीत मावशी अडकली. थिअरी आणि स्विमिंग पूलमधले धडे पुण्यातच झाले, समुद्रातले पहिले डाइव्ह मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी. मग एकदा मालवणला जाऊन आलो.

(मालवणवरून आठवलं. पुणेकर तिथे सकाळी डाइव्ह करतात आणि दुपारी आंबोलीला भजी खायला घाट चढतात. खोल पाण्यात शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. हवेचा दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, म्हणून अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण आंबोलीचा घाटमाथा समुद्रापासून जवळपास ७०० मीटर उंच आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. विमानाइतकं नसेल, तरी उंची ती उंचीच. एक रात्र खाली काढा, सोलकढी प्या, सकाळी निघा.)

तर मालदीव. शाळेच्या भूगोलातली 'कंकणद्वीपे' आठवतात ना, ती हीच. मधे उथळ शांत पाणी, म्हणजे लगून, भोवती प्रवाळाचं कडं, कड्याबाहेर एकदम खोल समुद्र. ॲटॉल हा जगभर चालणारा शब्दसुद्धा मालदीवच्या दिवेही भाषेतून गेलाय. त्या कड्याला जागोजागी खिंडारं असतात, पाणी आतबाहेर करायची. त्या खिंडाराला दिवेहीत म्हणतात 'कंडू'. पहिल्या ब्रीफिंगला गाइड फळ्यावर नकाशा काढून गंभीरपणे "आज कंडू, उद्या पण कंडू" असं सांगत होता आणि आम्ही दोघी मावशी-भाची हसू दाबत होतो. आपल्याकडे कंडू म्हणजे खाज. एवढे पैसे खर्चून, सुट्ट्या मोडून, वाहत्या पाण्यात उड्या मारायला येणाऱ्या लोकांना दुसरं काय असणार? त्यात ज्या बोटीतून जायचं तिला म्हणतात धोनी. भाचीनं बोटीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून खाली 'धोनीबरोबर' एवढंच लिहिलं. ताईचा फोन दोन मिनिटांत.

पाण्याला तिथे एवढी ओढ का, हे मला ब्रीफिंगपेक्षा आकड्यांतून नीट कळलं. मालदीवची भरती-ओहोटी तशी किरकोळ, फार तर मीटरभराची. मुंबईच्या मानानं काहीच नाही. पण कड्याच्या आत अडकलेल्या पाण्याचा पसारा बघा. समजा २८ चौरस किलोमीटरचं लगून आहे आणि पाणी एक मीटरनं चढायचंय. म्हणजे २ कोटी ८० लाख घनमीटर पाणी आत यायला हवं. हा आकडा ओळखीचा वाटला पाहिजे, कारण तो झाला साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. पुण्यात पावसाळ्यात कुणीही कुणालाही भेटलं की पहिल्या तीन वाक्यांत टीएमसी येतोच. खडकवासला धरण अख्खं भरलं तरी जेमतेम दोन टीएमसी, आणि पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही धरणांची बेरीज सुमारे २९. तर हा एक टीएमसी साधारण सहा तासांत आत घ्यायचा, आणि सहा तासांत परत बाहेर सोडायचा. भागाकार केलात तर ४६ हजार क्युसेक निघतात. खडकवासल्यातून इतका विसर्ग सुटला तर नदीपात्रातल्या भिडे पुलाचं नावही काढायला नको, सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांत तळमजल्याचं सामान वर हलवायला सुरुवात होते. आणि खरी ॲटॉल्स २८ चौरस किलोमीटरहून कितीतरी मोठी. हे सगळं पाणी काही ठरावीक खिंडारांतून जाणार. वाट अरुंद झाली की वेग वाढतो, हे मी रोज टेस्ट बेडवर बघते. फरक एवढाच की तिथे मी नळीच्या बाहेर असते.

त्यात मोसमी वाऱ्यांचा हात. साधारण डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येकडून असतो, तेव्हा महासागराचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. त्यामुळे पूर्वेकडच्या कंडूंमधून खोल समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरतं. आपला नैऋत्य मोसमी आला की सगळं उलट. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, म्हणून वावू ॲटॉलची पूर्व बाजू धरली. रिसॉर्ट आमच्या खिशाबाहेरचं; गावातल्या एका गेस्टहाउसात राहिलो. सकाळी मस हुनी, म्हणजे ट्यूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू, सोबत रोशी. रोशी म्हणजे जवळजवळ आपली पोळीच. खोबरं आणि मासा बघून मला मालवणचा भास होत होता, आणि भाची शाकाहारी असल्यामुळे सहा दिवस माझ्या वाट्याला दोन बशा.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबा मूळचे नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. कालव्याबद्दल मात्र तासन्‌तास बोलतात. खडकवासल्यातून निघून पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसरकडे जाणारा जो कालवा, त्याला पुण्यात सगळे 'कॅनॉल' म्हणतात. त्या काळातल्या पोरांचा तो फुकटचा तलाव. एका पुलावरून उडी मारायची, पाण्याबरोबर जायचं, पुढच्या पुलापाशी पायऱ्या असतील तिथे निघायचं आणि ओल्या चड्डीत मे महिन्याच्या उन्हात अनवाणी परत चालत यायचं. बाबांच्या मते पोहण्याला काही अक्कल लागत नाही. निघण्याला लागते.

मला त्यांनी पोहायला तिथेच शिकवलं. चौऱ्याऐंशीची उन्हाळ्याची सुट्टी. पहाटे लुनावर पुढे मी, मागे पत्र्याचा डबा, की धायरीच्या बाजूला. तिथे कालव्याला वर्दळ कमी असायची. डबा पाठीला बांधायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं. वाहत जाताना काठ दिसला की मी सरळ काठाकडे तोंड करून जीव खाऊन हातपाय मारायचे, आणि काठ बाजूनं पळत जायचा. बाबा काठावरून माझ्याबरोबर चालत ओरडायचे, "अगं तिरकी ये! पाण्याला पाठ दे आणि तिरकी सरक! भांडतेस काय त्याच्याशी?" कालव्याचे ते उद्योग आज कुणी करू नयेत. पाणीही तसं राहिलेलं नाही आणि दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. पण "तिरकी ये" हे दोन शब्द माझ्या पाठीवर त्या डब्यासारखे बांधलेले राहिलेत. निदान माझी तशी समजूत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही मियारू कंडूला गेलो. मियारू म्हणजे शार्क. खिंडाराच्या तोंडाशी तळ तिसेक मीटरवर, आणि तिथून समुद्राच्या बाजूला कडा खाली निळ्यात उतरत गेलेला, थेट. बेत असा: धोनी कंडूच्या बाहेर समुद्रात थांबणार. गाइड आधी एकटा उडी मारून प्रवाह बघून येणार. मग अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमधली हवा आधीच काढून टाकून सगळ्यांनी एकाच वेळी उडी मारायची आणि पृष्ठभागावर एक सेकंदही न थांबता सरळ खाली जायचं. प्रवाह आत ओढत असतोच. तो आपल्याला तोंडाशी नेऊन पोहोचवेपर्यंत आपण २८ मीटरवर असलं पाहिजे. तिथे कड्याच्या ओठावर हुक अडकवायचा.

हा हुक म्हणजे स्टीलचा आकडा, त्याला दीडेक मीटर दोरी, दोरीचं दुसरं टोक आपल्या जॅकेटला. आकडा मेलेल्या खडकाच्या खाचेत घालायचा, जिवंत प्रवाळाला नाही. मग जॅकेटमध्ये किंचित हवा घ्यायची की आपण तळापासून उचलले जातो आणि प्रवाहात तरंगत राहतो. खालच्या कशालाही हात नाही, पाय नाही. आठ-दहा मिनिटं तमाशा बघायचा, आकडा सोडायचा आणि कंडूतून आत वाहत जायचं. हळूहळू वर येत पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. तोवर नारिंगी फुगा वर सोडायचा. हा माणसाएवढा लांब असतो. सगळे त्याला एसएमबी म्हणतात. तो दिसला की धोनी येते. सगळा हिशेब चोख.

गाइडनं तीन म्हटलं, सगळ्यांनी उड्या मारल्या. चार मीटरवर माझा उजवा कान अडला.

कारण अगदी पुणेरी. निघायच्या आदल्या आठवड्यात घरासमोर रस्ता खणलेला, मेट्रोची नाही तर पाइपची, कसली ना कसली धूळ, आणि मला सर्दी. सर्दी गेली होती, निदान मी गाइडला तसं सांगितलं होतं. आदल्या दोन दिवसांत कान नीट मोकळे होत होते म्हणून मी गप्प बसले. चूक माझी, पूर्ण माझी. कान दुखायला लागला की जोर करायचा नसतो, थोडं वर जाऊन नाक दाबून हळू फुंकर मारायची. मी दोन मीटरवर आले, फुंकर मारली, कुईं असा आवाज झाला, दुसऱ्या प्रयत्नात कान सुटला. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल.

दोन नॉट म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. अर्ध्या मिनिटात मी तीस मीटर आत. भाची माझी बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, ती नियमाप्रमाणे मला सोडून गेली नाही, तीही तीस मीटर आत. खाली बघितलं तर बाकीचे चौघे आणि गाइड कड्याच्या ओठावर हुक लावून बसलेले, त्यांचे बुडबुडे वर न जाता तिरके आमच्याकडे येतायत. आम्ही त्यांच्या मागे. म्हणजे पाण्याच्या भाषेत आम्ही पुढे गेलो होतो.

आता सत्तावीस वर्षं प्रवाह मोजणाऱ्या बाईनं काय करावं? सोडून द्यावं, खुणेनं भाचीला 'चल' म्हणावं. मी काय केलं, तर मान खाली घातली आणि त्या बुडबुड्यांच्या दिशेनं फिन मारायला लागले. कंडूच्या कडेला, पंधरा मीटरवर, तळाच्या अगदी जवळून. तळाशी पाणी जरा मंद असतं हे मला माहीत आहे, त्या माहितीचा असा दुरुपयोग.

माझ्याखाली एक गोल प्रवाळ होता, मोठ्या पातेल्याएवढा, आणि त्याच्यावर दोन निळे ख्रिसमस ट्री वर्म. बोटाच्या पेराएवढे, पिसांची मळसूत्रं असावीत तसे. काही जवळ आलं की ते झटकन बिळात जातात. मी आले, ते आत गेले. मी जोर लावत होते. थोड्या वेळानं एक बाहेर आला, मग दुसरा. माझा हात खाली गेला, दोघे परत आत. मी आणखी जोर लावला. ते परत बाहेर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की इतका वेळ मी त्याच पातेल्यावर आहे. मांड्या पेटल्या होत्या, श्वास धाप लागल्यासारखा येत होता आणि मी एक वीतही पुढे गेलेली नव्हते. ते दोघे किडे मला बघून बघून सरावले असावेत, कारण शेवटी त्यांनी आत जायचंच सोडलं.

टाकीतल्या हवेच्या दाबाचा काटा बघितला. सुरुवातीचे २०० बार होते, ते १३५.

काकांसाठी हिशेब. आमची टाकी १२ लिटरची, २०० बारला म्हणजे २,४०० लिटर हवा. शांतपणे तरंगणारा माणूस जमिनीवरच्या मापानं मिनिटाला पंधराएक लिटर घेतो. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणून तीस मीटरवर चौपट, म्हणजे ६० लिटर. वर यायला ५० बार राखून ठेवले तर अर्धा तास आरामात निघतो. पण तोच माणूस माझ्यासारखा शौर्य गाजवायला लागला तर दुप्पट-अडीचपट घेतो आणि अर्ध्या तासाची बारा-पंधरा मिनिटं होतात. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की झगडा चौपट. ओंडक्याला हे प्रश्न नसतात हे खरं. ओंडक्याला वर यायची घाई नसते, दुसऱ्या ओंडक्याची जबाबदारी नसते आणि धोनीला आपण दिसतोय की नाही याची काळजीही नसते.

मी पाय थांबवले. आणि मग, खरं सांगते, जे झालं ते इतकं सोपं होतं की मला राग आला. पातेलं मागे गेलं. आवाज थांबला, माझ्याच श्वासाचा होता तो. तळ खालून सरकायला लागला, पिवळ्या माशांचा एक थवा आमच्याबरोबर त्याच वेगानं निघाला, म्हणून तो जागच्या जागी उभा दिसत होता. दीडशे मीटर गेल्यावर समोरून, म्हणजे आम्ही जिकडे चाललो होतो तिकडून, तीन ईगल रे आले. पाठीवर पांढरे ठिपके, बदकासारखी चोच, चाबकासारखी शेपटी. जे पाणी मला दीड मिनिटात एक वीत देत नव्हतं त्याच पाण्यातून ते पंखाच्या दोन ठोक्यांत आमच्या शेजारून समुद्राकडे निघून गेले. त्यातल्या एकानं माझ्याकडे बघितलं. बघून काही वाटल्यासारखं दिसलं नाही.

कंडू संपून लगून रुंद होतं तिथे प्रवाह आम्हाला मधोमध, खोल पाण्यावर घेऊन चालला होता. तेव्हा कुठे बाबा आठवले. डावीकडे कडेचा प्रवाळ दिसत होता. पाण्याला पाठ दिली आणि तिरक्या सरकलो. फार कष्ट न घेता पाच-सहा मिनिटांत कडेला लागलो. पाच मीटरवर आलो, मी फुगा काढला, भाचीनं दोरीची फिरकी धरली, फुग्यात हवा सोडली आणि तो वर गेला. तीन मिनिटं थांबून वर आलो तेव्हा माझ्याकडे ४० बार. ठरलेल्या ५० पेक्षा कमी.

वर कुणी नाही. धोनी दुसऱ्या गटाची वाट बघत लांब, पार बाहेरच्या तोंडाजवळ, उन्हाच्या चकाकीत ठिपका दिसत होती. वाऱ्यानं पाणी हललेलं, दोन माणसांची डोकी त्यात कुणाला दिसणार? फुगा उभा धरून बसायचं. शिट्टी वाजवून बघितली. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला शिट्टी म्हणजे मंगल कार्यालयात हळू आवाजात बोलण्यासारखं. वीस मिनिटं आम्ही तशा तरंगत होतो आणि अजूनही वाहतच होतो.

"मावशी," भाची म्हणाली.

"काय?"

"खाली तू कुणाशी भांडत होतीस?"

"मी भांडत नव्हते. मी त्यांच्याकडे जायचा प्रयत्न करत होते."

"मी शेजारी दगडाआड थांबले होते. तिथे पाणी शांत होतं. तुला दोनदा खूण केली."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तिनं फुगा स्वतःकडे घेतला आणि मला म्हणाली, "हात दुखला असेल तुझा." हात नव्हता दुखत. पण मी दिला.

धोनी आली. गाइड रागावला नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं. त्यानं वहीत आमची वेळ, खोली लिहिली आणि "किती बार?" विचारलं. मी चाळीस सांगितलं. त्यानं चाळीस लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि म्हणाला, कान बरा होईपर्यंत कंडू नाही. दीड दिवस मी उथळ रीफवर बाळगोपाळांबरोबर होते. त्या उथळ भागात वर वर पांढरट मोडतोड खूप दिसते. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा इथला बराचसा प्रवाळ पांढरा पडून मेला. नवीन फांद्या हाताच्या बोटांएवढ्या फुटलेल्या होत्या. त्यावर जास्त लिहायला घेतलं तर ही पोस्ट वेगळी होईल.

पाचव्या दिवशी परत मियारू. या वेळी गाइडनं मला त्याच्या शेजारी उभं केलं. कान पृष्ठभागावरच, उडी मारायच्या आधी मोकळे करून घ्यायला लावले, आणि उडी मारून थेट खाली. २८ मीटर. त्यानं बोटानं खाच दाखवली, मी आकडा घातला, दोरी ताणली आणि मी उचलले गेले. गुढीच्या काठीला बांधलेलं वस्त्र वाऱ्यात फडफडतं तशी मी त्या दोरीच्या टोकाला. तोंड बरोबर प्रवाहाकडे ठेवावं लागतं. गंमत म्हणून बाजूला मान वळवली तर पाण्यानं मास्क उपटायला सुरुवात केली आणि ज्यातून श्वास घेतो त्या तोंडातल्या रेग्युलेटरचं बटण आपोआप दाबलं जाऊन हवा भसाभस सुटायला लागली. मान सरळ. श्वास मोजून.

समोर ग्रे रीफ शार्क. वीस तरी असतील. नाव करड्या रंगावरून, पण त्या निळ्यात ते पितळेच्या जुन्या भांड्यासारखे दिसत होते. आणि एकही शेपटी हलवत नव्हता म्हटलं तरी चालेल. कड्याला आपटून पाणी वर चढतं, त्या चढत्या पाण्यावर ते पंख पसरून नुसते टेकले होते, घारी जशा सिंहगडाच्या कड्यावर टेकतात. फ्रेंच पॉलिनेशियात फकरावा नावाच्या ॲटॉलच्या खिंडारात संशोधकांनी याच जातीच्या शार्कचा अभ्यास केलाय. असं चढत्या प्रवाहावर स्वार झाल्यानं त्यांची दहा-पंधरा टक्के शक्ती वाचते असं त्यात दिसलं, आणि त्यांची चक्क रांग असते: एक पुढे सरकत सरकत पट्ट्याच्या टोकाला पोहोचला की सुटून मागे वाहत जातो आणि परत शेवटून सुरुवात करतो. आमच्या समोर तेच चाललं होतं. एक जण टोकाला आला, कलला, आमच्या डोक्यावरून मागे निघून गेला. मी मान वर करून बघितलं नाही, मास्कची भीती. थोड्या वेळानं तो, किंवा दुसरा कुणी, परत डावीकडून रांगेत आला.

नऊ मिनिटं. हवा किती गेली ते बघितलं: हिशेबाप्रमाणे. आकडा काढला आणि निघालो. वाटेत ते पातेलं दिसतंय का बघत होते, पण या वेळी आम्ही कंडूच्या मधून गेलो, कडेनं नाही.

पुण्यात आल्यावर बाबांना फोटो दाखवायला घेऊन बसले. वय एकोणऐंशी, चष्मा कपाळावर. शार्क बघितले, "बरे आहेत" म्हणाले. कानाची गोष्ट सांगितली, त्या पातेल्याची सांगितली. दीड मिनिट प्रवाहाविरुद्ध पोहले हे ऐकून त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. तिरकी आले हेही सांगितलं. त्यावर मान हलली.

मग बराच वेळ काहीतरी हिशेब करत होते.

"आणि मग परत चालत किती यावं लागलं?"

"चालत कशाला बाबा, बोट येते की घ्यायला. असाल तिथे येते."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं.

"असं होय," म्हणाले. "मग काय."